पांढऱ्या फुलांचं बटरफ्लाय बुश गोव्यात: फाटकापाशी विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर फोंडा तालुक्यात. फाटकाच्या डाव्या अंगाला सिमेंटची एक मोठी कुंडी आहे आणि तिच्यात खांद्याएवढं झुडूप. थंडी सुरू झाली की त्याला बारीक पांढरे तुरे येतात आणि दिवेलागणीला वास सुटतो. वाटेनं जाणारं कुणी ना कुणी थांबतंच, आणि मग मी हातातलं काम टाकून बोलत बसते. गेल्या सात-आठ वर्षांत तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदा लिहूनच ठेवावीत म्हटलं. दोन झाडं मारून मग तिसरं जगवलेलं आहे, तेव्हा यातलं बरंचसं चुकांतून आलेलं आहे.

हे झाड नेमकं कुठलं?

याचं शास्त्रीय घराणं बडलिया. त्यात शंभराच्या आसपास जाती आहेत, पण आपल्याला दोनच कळल्या तरी पुरे.

पहिली बडलिया डेव्हिडी. मूळची मध्य चीनची. इंग्रजी बागकामाच्या व्हिडिओत जे भलेमोठे जांभळे, गुलाबी, पांढरे तुरे दिसतात ते हिचे. पांढऱ्यातलं सर्वात नावाजलेलं वाण ‘व्हाइट प्रोफ्यूजन’. ‘नान्हो व्हाइट’ त्याहून आटोपशीर, आणि ‘बझ आयव्हरी’ तर कुंडीसाठीच केलेलं बुटकं.

दुसरी बडलिया एशियाटिका. ही आपल्याकडची: हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत, आणि पश्चिम घाटाच्या डोंगरांतही. नेपाळात हिला भीमसेनपाती म्हणतात. हिचे तुरे बोटाएवढे जाड, लांब आणि टोकाला खाली झुकलेले. डेव्हिडीपुढे दिसायला अगदी साधी. फूल मुळातच पांढरं, त्यामुळे वाण शोधत बसायला नको. माझ्या कुंडीत आहे ती ही.

नावाची गंमत सांगते. ‘बडलिया’ हे नाव ॲडम बडल या इंग्लंडमधल्या पाद्र्यावरून लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं ठेवलं. बडल १७१५ मध्येच वारला होता आणि हे झाड त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. ‘डेव्हिडी’ हे आर्माँ दाविद या फ्रेंच पाद्र्यावरून. त्याला ते १८६९ मध्ये चीनमध्ये सापडलं. युरोपला पांडाची ओळख करून दिली तीही त्यानंच, त्याच वर्षी. एका झाडाच्या नावात दोन दोन पाद्री, म्हणजे गोव्यात शोभायलाच हवं.

नर्सरीत बटरफ्लाय बुश मागितलं आणि भलतंच मिळालं. असं का होतं?

कारण ‘बटरफ्लाय’ हा शब्द नर्सरीवाले कशालाही चिकटवतात. मला पहिल्यांदा मिळाला तो सोनटक्का. त्याला इंग्रजीत बटरफ्लाय जिंजर म्हणतात, फूल पांढरं, वास सुंदर, त्यामुळे विकणाऱ्याच्या मते सगळं जुळत होतं. आमच्या विहिरीकडे आधीच सोनटक्क्याचं बेट होतं, त्यात आणखी एकाची भर पडली. पांढरा गोकर्णही याच नावानं खपतो, कारण तो बटरफ्लाय पी. भूतकेस, म्हणजे मुसांडा, तोही. आणि ज्याची निळी फुलं खरोखर फुलपाखराच्या आकाराची असतात ते ब्लू बटरफ्लाय बुश वेगळंच, भारंगीच्या नात्यातलं.

ओळखायचं पानावरून. बडलियाचं पान लांबट, टोकदार, समोरासमोर जोडीनं येणारं. ते उलटं करून बघा. खालची बाजू पांढुरकी, लवदार असते, बोट फिरवलं तर फ्लॅनेलच्या कापडासारखी लागते. पान दोन्हीकडून गुळगुळीत असेल तर पैसे पाकिटातच राहू द्या.

पांढरंच का? फुलपाखरांना जांभळं जास्त आवडतं ना?

फुलपाखरांसाठीच लावायचं असेल तर जांभळं लावा, माझी हरकत नाही. मी पांढरं लावलं ते संध्याकाळसाठी. आपल्याकडे माणूस बागेत बसतो कधी? उन्हं कलल्यावर. त्या वेळी जांभळा तुरा काळोखात बुडून जातो आणि पांढरा दिसत राहतो. वासही तेव्हाच भरतो: मधासारखा, थोडा जुईकडे झुकणारा.

शिवाय रात्रीचे पाहुणे वेगळे. अंधार पडताना हॉक मॉथ येतात. जाड अंगाचे, राखाडी पतंग. फुलावर न बसता हवेत जागच्या जागी थरथरत उभे राहतात आणि लांब सोंड नळीत घालतात. जवळ गेलं तर पंखांची घूं ऐकू येते. आमच्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, भिंगरी आली बघ. मलाही पटलं.

गोव्याच्या पावसात हे जगतं का?

खरा प्रश्न हाच. म्हणून जरा सविस्तर सांगते.

डेव्हिडी हे खडकाळ, कोरड्या उताराचं झाड आहे. इंग्लंडात ते रेल्वेच्या रुळांकडेला, पडक्या भिंतींच्या फटीत, चुन्याच्या गिलाव्यात रुजतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा त्या ढिगाऱ्यांवरही ते माजलं होतं. त्याला काय हवं ते यावरून कळतं: भरपूर ऊन, मुळाशी हवा, पाण्याचा झटकन निचरा आणि जरासा चुना. आता आपल्याकडे बघा. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. माती जांभ्याची, आंबट. वर दमट हवा, आणि हिवाळा म्हणावा असा हिवाळा नाही. त्याला जे जे हवं त्याच्या उलट सगळं आपण वाढून ठेवलेलं.

माझं पहिलं झाड डेव्हिडीचं, जमिनीत लावलेलं. मिरगाच्या दिवशी ठणठणीत होतं. जुलैत पानं मलूल पडली. मी मेली शहाणी, वाटलं खत कमी पडलं, म्हणून मुळाशी शेणखत ओतलं. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळा-पानांचं छत, बांधायच्या गडबडीत बघितलं तर नुसती काठी उभी. उपटलं, तर मुळांवरची साल हातात मोज्यासारखी सुटून आली आणि आत फक्त दोरा राहिला. वास न उपसलेल्या टाकीसारखा. मुळं कुजली की असंच होतं. वरून झाड तहानलेलं दिसतं, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, आणि आपण त्याला आणखी पाणी आणि आणखी खत देत बसतो.

दुसरं झाडही डेव्हिडीच. कुंडीत लावलं, पण कुंडी ठेवली पागोळ्यांखाली. कौलांचं पाणी धो धो बरोब्बर तिच्यातच पडायचं. त्याबद्दल जास्त बोलायला नको.

तिसऱ्या वेळी दोन गोष्टी बदलल्या. जात बदलली, एशियाटिका आणली. घाटातल्या एका ओळखीच्या घरून फांद्या मिळाल्या. आणि जागा बदलली: पावसाळ्यात कुंडी पडवीच्या कडेला, जिथं उजेड येतो, वारा लागतो, तिरपे चार थेंब येतात, पण पागोळी पडत नाही. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा तिनं काढला. पानं गळतात, एखादी फांदी वाळते, पण दसऱ्यापर्यंत नवे फुटवे दिसतात.

थोडक्यात, डेव्हिडी गोव्यात लावता येतं, पण पावसाळाभर त्याला पाहुण्यासारखं सांभाळावं लागतं आणि तरी इंग्लंडसारखा बहर मिळेल असं धरून चालू नका. आधी एशियाटिका लावा, मग हौस म्हणून ‘व्हाइट प्रोफ्यूजन’च्या मागे लागा.

कुंडीत माती कशी भरायची?

कुंडी किमान १४ इंची, १६ असेल तर उत्तम. सिमेंटची किंवा मातीची. प्लास्टिकची हलकी पडते आणि झाड वाढलं की वाऱ्यानं लवंडते. खालची भोकं बोट जाईल एवढी करून घ्या आणि कुंडी तीन चिऱ्यांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे भोकं जमिनीला टेकून बुजत नाहीत. ही एक गोष्ट केली तरी निम्मी झाडं वाचतील.

माती मी अशी कालवते: दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं जाड रेती किंवा क्रशरची बारीक खडी, एक घमेलं जुनं, वास गेलेलं शेणखत. वर दोन मुठी चुलीतली राख. राखेमुळे मातीचा आंबटपणा थोडा उतरतो. राख नसेल तर चमचाभर चुन्याची भुकटीही चालेल, पण चमचाभरच. समुद्राची वाळू मात्र फुकट मिळते म्हणून घालू नका, तिच्यातलं मीठ मुळांना मारतं. कोकोपीट वापरत असाल तर आधी दोन-तीनदा पाण्यातून धुऊन घ्या, त्यातही मीठ असतं. खरं तर कोकोपीट नकोच. पावसाळ्यात ते स्पंजासारखं पाणी धरून बसतं, आणि आपल्याला तर पाणी घालवायचंय.

जमिनीत लावलं तर चालणारच नाही?

चालेल, जमीन उतारावरची असेल तर. किंवा चिऱ्यांचा गुडघाभर उंच वाफा बांधा आणि त्यात वर सांगितलेली माती भरा. सपाट अंगणात, नारळाच्या आळ्याशेजारी, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर नको.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, तर नकोच नको. तिथं सावली, ओल आणि सुपारीची गच्च मुळं.

कधी लावायचं?

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत. पाऊस ओसरलेला असतो, ऊन मिळतं आणि उन्हाळा यायच्या आत मुळं धरायला चार महिने हातात असतात. आपली सवय आहे की पहिला पाऊस पडला की रोपं लावायची. आंब्या-फणसाला ते बरोबर, याला नाही.

ऊन किती लागतं?

सहा तास तरी थेट. त्याहून कमी मिळालं तर झाड लांबट, लुळं होतं आणि तुरे मोजके येतात. पत्र्याजवळ किंवा तापणाऱ्या गच्चीत असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाला एखादी जुनी साडी आडवी बांधा. तेव्हा झाडाला ऊन कमी होत नसतं, कुंडी भाजत असते.

पाणी रोज घालायचं का?

बोट मातीत दोन पेरं घाला. ओलं लागलं तर नाही, कोरडं लागलं तर घाला. डिसेंबरात मला तीन दिवसांतून एकदा पुरतं, एप्रिलमध्ये रोज सकाळी. कुंडीखाली ताटली ठेवू नका. झाडालाही वाईट आणि डासांचीही सोय.

छाटणी कधी आणि किती?

इथं इंग्रजी व्हिडिओ बघणारे सगळे फसतात, मी धरून. तिकडे सांगतात की मार्चमध्ये झाड गुडघ्यापर्यंत छाटा. त्यांचा मार्च म्हणजे थंडी सरण्याचा काळ. छाटलं की वसंतात नवी फूट येते, आणि डेव्हिडीला तुरे त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर येतात, त्यामुळे उन्हाळ्यात झाड फुलानं भरतं. आपला मार्च म्हणजे उन्हाची सुरुवात. तेव्हा झाड बोडकं करून ३५ अंशात उभं केलं, तर ते फुटण्याऐवजी वाळायला लागतं.

डेव्हिडी असेल तर पाऊस सरता सरता, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटा. फांद्या अर्ध्यावर आणा. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या बुडातून काढा.

एशियाटिकाचं गणित वेगळं. तिला तुरे थंडीत येतात, पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर. ऑक्टोबरात तिला छाटलं तर त्या वर्षीची फुलंच कापून टाकाल. तिची छाटणी बहर संपल्यावर, आणि तीही हलकी, फांदीचा तिसरा हिस्सा. मग मेच्या शेवटी मी आणखी एकदा कात्री घेते आणि मधल्या दोन-चार फांद्या काढून झुडूप विरळ करते. पावसात आतून वारा खेळला पाहिजे, नाहीतर पानांवर बुरशी धरते.

एक सावधगिरी. फांदी ठिसूळ असते, हातानं मोडायला जाऊ नका. साल खालपर्यंत सोलत जाते. कात्री धारदार हवी, आणि काप जोडपानाच्या अगदी वर.

पांढरे तुरे दोन-चार दिवसांत तपकिरी का होतात? रोग आहे का?

रोग नाही, पांढऱ्या फुलांची ही वागणूकच आहे. तुरा एकदम उमलत नाही. देठाकडून टोकाकडे फुलत जातो, त्यामुळे टोकाला कळ्या असतात तेव्हा देठाकडची फुलं सुकलेली असतात. जांभळ्यात ते लपतं, पांढऱ्यावर चहाचा डाग पडल्यासारखं दिसतं. अर्ध्याहून जास्त तुरा सुकला की खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापून टाका. डेव्हिडीला त्या जागी बाजूनं नवे छोटे तुरे येतात. मला सकाळी चहाचा कप एका हातात आणि कात्री दुसऱ्या हातात असं काम आवडतं, म्हणून तक्रार नाही. ज्यांना रोज झाडाकडे बघायला वेळ नाही त्यांनी पांढरं लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फांदीपासून रोप होतं का?

होतं, आणि सहज होतं. बी अगदी बारीक असतं, जवळजवळ धुळीसारखं, आणि बियांतून आलेलं झाड वाणाशी जुळेलच असं नाही. म्हणून फांदीच बरी.

ऑगस्टच्या सुमारास, पाऊस जरा उघडतो तेव्हा, वितीएवढी फांदी घ्या. कोवळी हिरवी नको आणि राखाडी लाकडाची नको. वाकवली तर वाकते पण सोडली की परत सरळ होते, अशी मधली. खालचा काप पानांच्या जोडीच्या लगेच खाली द्या, मुळं त्या गाठीतूनच सुटतात. खालची पानं काढा, वर दोन जोड्या ठेवा, आणि पानं मोठी असतील तर कात्रीनं अर्धी करा, म्हणजे त्यांतून पाणी कमी उडतं. धुतलेली जाड रेती आणि माती निम्मी निम्मी. काडीनं आधी भोक पाडा, मगच फांदी रोवा. नुसती दाबून खुपसली तर साल खरवडते. बाजूनं माती चिमटीनं घट्ट करा आणि सावलीत ठेवा.

तीन-चार आठवडे हात लावू नका. हे सांगणं सोपं, पाळणं कठीण. मी पहिल्या वर्षी दर दोन दिवसांनी उपटून मूळ आलं का बघत होते. अर्थात एकही आलं नाही. आता फांदी हलकेच वर ओढून बघते. तिनं मातीला धरून ठेवलं की समजायचं.

दहा लावल्या तर सहा-सात लागतात. अर्धवट लागलेल्यांवर जीव लावू नका.

पानं पांढुरकी, ठिपकेदार झाली आहेत. काय फवारू?

मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत असं दिसलं तर बहुधा लाल कोळी. पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटका. चालणारे ठिपके दिसले तर तेच. नळाच्या पाण्याचा जोरात फवारा पानांच्या खालच्या बाजूनं, सलग चार-पाच दिवस सकाळी मारा. कोळी धुळीवर आणि कोरडेपणावर वाढतो, पाण्यानं वैतागतो.

रासायनिक कीटकनाशक नको, हे सांगायला लागू नये. फुलपाखरांना बोलावून विष वाढायचं का? निंबोळी तेलही फुलावर आलेल्या झाडावर मारू नका, आणि शेजारच्या कढीपत्त्यावर तर कधीच नाही. का, ते पुढे येतंय.

झाड कारण नसताना खुरटलं असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवर बारीक गाठी असतील तर सूत्रकृमी. ती माती फेका, कुंडी उन्हात तापवा, फांद्यांपासून नवं रोप करा. निंबोळी पेंड मातीत मिसळली तर पुढच्या वेळी त्रास कमी होतो.

खत कोणतं?

फार नको. वर्षातून एकदा ऑक्टोबरात दोन ओंजळी जुनं शेणखत किंवा गांडूळखत. युरियासारखं नत्र दिलं तर पानंच पानं येतात.

फुलपाखरं खरंच येतात का?

येतात, पण नावावर जाऊन फार आशा धरू नका.

माझ्या कुंडीवर सकाळी नऊ ते अकरा हा चांगला वेळ. कॉमन क्रो हमखास. काळपट तपकिरी, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके. हा तुऱ्याला उलटा लोंबकळतो आणि गुंडाळलेली सोंड सोडून एकेका नळीत घालत, तुऱ्याभोवती गोल फिरत जातो. एक तुरा संपवायला सावकाश वेळ घेतो. मी मोबाइल घेऊन एक हातावर गेले तरी उठत नाही. टायगर येतात, छोटी निळी फुलपाखरं येतात. एशियाटिकाच्या फुलाची नळी बारीक आणि आखूड, त्यामुळे आखूड सोंडेवाल्यांचंही पोट भरतं. ब्लू मॉर्मन एक फेरी मारतो आणि सरळ पिटकोळीवर, म्हणजे इक्झोरावर, जातो. खरं सांगायचं तर आमच्या अंगणात सर्वात जास्त गर्दी त्या लाल पिटकोळीवरच असते, जिला कुणी विकत आणलेलं नाही आणि कुणी पाणी घालत नाही.

यातली मेख अशी की बटरफ्लाय बुश म्हणजे फुलपाखराची खानावळ. जेवायला येतात आणि जातात. घर करायचं तर अळीला खाण्याचं पान हवं, आणि प्रत्येक जातीच्या अळीचं पान ठरलेलं. आपल्या परसात त्यातली बरीचशी आधीपासूनच असतात, आपण ती साफ करत बसतो. कॉमन मॉर्मन लिंबावर आणि कढीपत्त्यावर अंडी घालतो. त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून लाल दुशिंगं बाहेर काढून असा उग्र वास सोडते की आपणच मागे सरतो. प्लेन टायगर रुईवर. कॉमन क्रो कण्हेरीवर. टेल्ड जे उंच सरळ वाढणाऱ्या शोभेच्या अशोकावर. सदर्न बर्डविंग, भारतातल्या सर्वात मोठ्या फुलपाखरांपैकी एक, तो ईश्वरीच्या वेलावर. आंब्यावरच्या बांडगुळावर जेझबेलच्या अळ्या घोळक्यानं असतात. पावसात आपण ज्या तायकिळ्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी करतो, त्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. भाजी खुडताना पानाखाली हिरवी अळी दिसली तर ती फांदी सोडून पुढची घ्यायची, आपल्याला काय कमी पडतंय?

आमच्या कढीपत्त्याची वर्षातून दोनदा चाळण होते. फोडणीला पानं मिळत नाहीत म्हणून घरात कुरकुर होते. मी शेजारणीकडून मागून आणते. पण तिच्याकडे बटरफ्लाय बुश नाही आणि फुलपाखरं भरपूर आहेत, तेही सांगून ठेवते.

एकाच जागी बरीच जिवंत फुलपाखरं बघायची असतील तर प्रियोळला, मंगेशीजवळ, बटरफ्लाय कंझर्व्हेटरी ऑफ गोवा आहे. पाऊस संपता संपता जा. कुठल्या झाडावर कोण बसतं ते तिथं बघून मग स्वतःच्या बागेची यादी करा.

परदेशात या झाडावर बंदी आहे म्हणतात. मग लावावं का?

सरसकट बंदी नाही, पण भीती खरी आहे. डेव्हिडीचं बी बारीक, हलकं, वाऱ्यावर जाणारं, आणि एक झाड ते ढिगानं टाकतं. ब्रिटनमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये ते नदीकाठांवर, मोकळ्या जागांवर पसरलं. अमेरिकेतल्या ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत ते उपद्रवी तणांच्या यादीत आहे. एशियाटिका आपल्याकडे शहाण्यासारखी वागते, पण हवाई बेटांवर नेली तेव्हा तिनंही तिथं हातपाय पसरले.

गोव्याच्या सखल भागात डेव्हिडी स्वतःहून उगवेल असं मला वाटत नाही, त्याला जगवण्यातच आपली दमछाक होते. तरी घाटमाथ्याजवळ, चोर्ल्याच्या बाजूला कुणाचं घर असेल तर त्यांनी परदेशी वाण लावूच नये. तिथली हवा थंड, जमीन उताराची, आणि पलीकडे लगेच जंगल. घाणेरीही कधी काळी कुणीतरी शोभेसाठीच आणली होती. एशियाटिकाचे सुकलेले तुरे मी बी धरायच्या आत कापते. दिसायलाही बरं.

समुद्राजवळ घर आहे, खारा वारा लागतो.

खारेपणा हे झाड बऱ्यापैकी सोसतं, वाऱ्याचा जोर सोसत नाही. फांद्या मोडतात. कुंपणाच्या भिंतीच्या आतल्या अंगाला ठेवा आणि पहिली दोन वर्षं काठीला बांधा.

झुडपामुळे साप येतात का?

साप उंदीर-बेडकांमागे येतात. कुंडीभोवती पाचोळा आणि फुटकी कौलं रचून ठेवू नका, म्हणजे झालं.

मोकाट गुरं खातात का?

आमच्या फाटकाशी एक गाय येते. ती कुंपणावरून मान घालून जास्वंद खाते, शेवंती खाते, एकदा वाळत घातलेला टॉवेल खाल्ला. बडलियाला तोंड लावून सोडून दिलं. लवदार, कडवट पान तिला आवडलं नसावं.

देवाला वाहायला चालतं?

आमच्याकडे तशी रीत नाही. तुरा तोडला की फुलं गळायला लागतात आणि देव्हाऱ्यात केर होतो. पण फुलदाणीत एक रात्र छान राहतं. देठ तिरका कापा, पाणी भरपूर.

झाड किती वर्षं टिकतं?

माझं आता सातव्या वर्षात आहे. खोड जाड आणि भेगाळ झालंय, खालून फुटवे कमी यायला लागलेत. म्हणून दर पावसाळ्यात चार-पाच फांद्या लावून नवी रोपं तयार ठेवते. दोन वर्षांतून एकदा कुंडीतली वरची वीतभर माती काढून नवी घालते.

एक फांदी द्याल का?

देईन, पण ऑगस्टमध्ये या. आत्ता, तुरे असताना मागू नका. हा प्रश्न बहुतेक जण डिसेंबरातच विचारतात आणि मला नाही म्हणायला जड जातं. येताना ओलं फडकं किंवा केळीचं पान आणा, फांदी त्यात गुंडाळून न्यायची. घरी पोचल्यावर आधी चहा न घेता ती लावायची. आणि सकाळी या. संध्याकाळी मी कुंडीपाशी बसलेली असते आणि त्या वेळी कात्री हातात घ्यायचं माझ्या मनात नसतं.